घरची सुई

ता. १२ फेब्रुवारी १९७८
दवाखाना

शेषराव,

वरती काय लिहावं हे अर्धा घंटा पाहत बसलो. प्रिय लिहिलं त खोटं होते, अन् श्रीयुत लिहिलं त तू म्हणशील सहदेव कंपाउंडर रजेचा अर्ज करून राह्यला. म्हणून नुसतं नाव. शाळेत असतानी दोघंच असलो की तू, अन् लोक दिसले की तुम्ही, असं चालायचं आपलं. कागदावर दोघंच आहो, म्हणून तू.

चार वर्षांनी लिहितो. भांडाले नाही, तेवढा दम आता राह्यला नाही. काम आहे.

दिवाळीत तू घरी आलता तेव्हा पुण्याच्या प्रयोगशाळेचे लोक गावात रक्त गोळा करत होते. पहिल्या दिवशी कोणी फिरकलं नाही. नसबंदीवाले परत आले असं समजून अर्धं गाव ज्वारीत जाऊन बसलं होतं, दवंडी द्या लागली. तुह्या दंडातून रक्त मीच काढलं. तू भिंतीकडं पाहत होता, मी सुईकडं.

तो सर्व्हे काविळीचा होता. पाण्यानं होते ती नाही. ही रक्ताची, एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जाते. डॉक्टर लोक तिले इंग्रजी बी अक्षर लावतात. बाटलीत जे सापडते त्याले म्हणे ऑस्ट्रेलिया नाव आहे, पह्यले तिकडच्या माणसात सापडलं म्हणून. कुठं ऑस्ट्रेलिया अन् कुठं आपला सोनाळ्याचा बाजार. डॉक्टरजवळ देशाचा नकाशा आहे, जागोजागी पेन्सिलीनं आकडे टाकले आहेत. शंभरात तीन, कुठं चार, कुठं पाच. सारी धडधाकट, वखर हाकणारी माणसं. बऱ्याच जणायचं जन्मभर काही बिघडत नाही. काहींचं लिव्हर आठ-दहा वर्षांनी, काहींचं वीस वर्षांनी जाते. तुह्या मोठ्या भावाचं, रामरावदादाचं गेलं तसं.

यादी परवा आली. तुहं नाव त्यात नाही. हे सगळ्यात पह्यले सांगा लागत होतं, माहं चुकलं. पण तुमच्या घरच्या सहा बाटल्या होत्या, त्यातल्या पाच निघाल्या. मालक अन् मोठ्या बाई, म्हणजे तुहे मायबाप, दादाची विमलवहिनी, अन् वहिनीचे दोन्ही पोरं. सहावी तुही.

तुह्या बायकोचं, शालूवहिनीचं, पहिलं बाळंतपण माहेरी झालं, आता दुसऱ्याले ती चैत्रात इकडं येणार असं ऐकलं. ती यायच्या आधी तुमच्या देवाजवळच्या कोनाड्यातली ती सुईची डब्बी काढून टाक. फोड, विहिरीत टाक, काही कर. काऊन ते मंग लिहितो, आता बाहेर खोकलेवाले बसले आहेत.

सहदेव


ता. ३ मार्च १९७८

शेषराव,

उत्तर नाही. टपालवाल्याले दोनदा विचारलं, तो आता मले पाहून लांबूनच मान हलवते.

डब्बी तुले आठवत असनच. नसन त सांगतो. तू नागपूरले शिकायले गेला त्या साली, पासष्टले, दादाले न्यूमोनिया झाला. मालकायनं अकोल्याहून काचेची पिचकारी अन् दोन सुया आणल्या, पांढऱ्या डब्बीत. मोठ्या बाईनं डब्बी लाल फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवली. दवाखान्याची सुई साऱ्या गावाच्या अंगात जाते, आमच्या वस्तीच्याही. ती मालकाच्या घरच्या माणसाले नको. सुई देणारा मीच, हात माहाच, पण सुई घरची. हाताचं चालत होतं.

तुले त मालूमच आहे आपल्या गावाले सुईचं किती वेड. गोळी देली की लोकायले वाटते कंपाउंडरनं टाळलं. सुई टोचली की बरं वाटते, दुखलं की आणखी बरं वाटते. तुमच्या घरी त ताप आला की सुई, थकवा आला की सुई, अन् पेरणीच्या आधी ताकदीची लाल सुई. अंगणात बाजेवर एकामागं एक बसायचे. एका सुईनं सारे. मंग मोठ्या बाई डब्बीवर विहिरीचं गार पाणी वतायच्या, पुसायच्या, अन् परत फडक्यात.

उकळत नव्हत्या. कधीच नाही.

सर्व्हेचे डॉक्टर यादी घेऊन आले तेव्हा माह्या टेबलाजवळ बसून डोकं खाजवून राह्यले होते. बिचारे थकले होते, त्यायले इथलं ऊन अन् इथलं तिखट दोन्ही सोसत नव्हतं. म्हणाले, "सहदेव, तुमच्या गावाचं उलटंच आहे. सगळीकडे दाटीवाटीच्या, गरीब वस्तीत आकडा वर जातो. इथे तुमच्या वस्तीच्या अडतीस बाटल्यांत एक, आणि त्या मोठ्या घरात सहात पाच. त्यांच्या भाऊबंदांच्या दोन घरांतही तसंच. मधली घरं कोरी. हे कसं?"

मी म्हटलं, "मले काय मालूम, साहेब."

मले मालूम होतं. भाऊबंदात कोणी आजारी पडलं की डब्बी त्या घरी जायची. दुसऱ्या कोणाले मिळत नव्हती. मी मनातल्या मनात डब्बी घरोघरी फिरवली अन् यादी तंतोतंत जुळली. तू तेव्हा गावात नव्हता, म्हणून तू सुटला.

त्यायनं वहीत लिहिलं, कारण समजले नाही. अन् गेले.

मले बदली करून देऊळघाटकडं धाडल्यावर डब्बी बंद पडली असन असं मले वाटत होतं. नाही पडली. विमलवहिनी पाहून पाहून शिकली. आता तीच देते. शालूवहिनीची पाचवी होईपर्यंत तिले किती टोचतीन, तूच हिशेब कर. लेकरालेही टोचतीन. मोठ्या माणसाच्या अंगातून कधी कधी ही कावीळ निघूनही जाते म्हणते. तान्ह्या लेकराले झाली की घर करून बसते. औषध नाही तिच्यावर. होऊ देऊ नये एवढंच हातात आहे.

एक कार्ड टाक. शिव्या दे, पण टाक.

सहदेव


ता. २६ मार्च १९७८

शेषराव,

कार्ड पोचलं. चार ओळी. मी पाठच केल्या आहेत. "तुझी दोन्ही पत्रे मिळाली. आईला या वयात मी काय सांगणार? तिला वाटेल मी तिच्यावर दादाच्या मृत्यूचा ठपका ठेवतो आहे. तू दवाखान्यातला माणूस आहेस, तूच सांग."

लिहितो मोठं साजरं बे तू आता. कॉलेजात पोरायले शिकवून शिकवून मले अन् तुले म्हणणं गेलंच तुहं.

तूच सांग म्हणतो. मंग सांगतोच, पण तुले पह्यले. हे मी माह्या बायकोलेही सांगतलं नाही.

पासष्टचीच गोष्ट. मी नवानवा लागलो होतो. इस्त्रीचा शर्ट घालून तुमच्याकडं दादाले पहिली सुई द्यायले गेलो. सुई देली अन् म्हटलं, "मोठ्या बाई, ही उकळा लागते. दर खेपेले." त्या म्हणाल्या, "कशात उकळू? तुह्या दवाखान्याच्या भांड्यात साऱ्या गावाच्या सुया नाचतात. अन् माह्या दूध तापवायच्या गंजात उकळली त तो गंज मंग चुलीवर कसा चढवू?"

चिडून नव्हत्या बोलल्या. भाजीत मीठ किती ते सांगावं तशा बोलल्या. मंग मले चहा देला. गोठ्याच्या कोनाड्यात एक कानतुटा कप होता, त्यात. मी पेलो, हौदावर कप धुतला, कोनाड्यात पालथा ठेवला. तुले तो कप मालूम आहे. तू एकदा लहानपणी त्यातून पेला होता माह्यासंगं, अन् मार खाल्ला होता.

कप पालथा घालतानी मी मनात म्हटलं, नको उकळू. तुह्या घरची सुई अन् तुह्या घरचं रक्त. मले काय करायचं.

त्याच्यावर नऊ वर्षं मी त्या डब्बीनं सुया देल्या अन् एकदाही परत म्हटलं नाही की उकळा. दर खेपेले ओठावर येत होतं असं लिहिलं असतं मी, पण तेही खोटं आहे. पहिले दोन-चार महिने आलं. मंग येणंही बंद झालं. आमच्या वस्तीत मी सुई खळखळ उकळून देत होतो, तिथं माही माय होती.

काविळीचं मले मालूम नव्हतं. हे खरं आहे, पाह्यजे त्याची शपथ घेतो. गळू होईन, पू होईन, एवढंच मालूम होतं. अन् झालं असतं गळू त मले वाईट वाटलं नसतं. आता कळलं तुले?

आता दादा गेला त्या दिवसाचं. श्रावण होता. पोट ढोलासारखं फुगलं होतं, डोळे हळदीचे. ओट्यावर चाळीसएक माणसं. मालकायनं माह्याकडं बोट केलं अन् म्हणाले, "याच्या सुईनं माहा पोरगा गेला." तू खांबाले टेकून उभा होता. सुई कोणाची हे तुले मालूम होतं. तू आपल्या पायाच्या अंगठ्याकडं पाहत राह्यला. मालकायचा अर्ज गेला अन् मले जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाले फेकलं. तीन वर्षं मी तुले रोज शिव्या देल्या. मागच्या साली बदली होऊन परत आलो तरी थांबलो नाही.

यादी आली अन् माह्या शिव्याच संपल्या. मालक खोटं नाही बोलले. अर्धंच बोलले, पण खोटं नाही. दादाच्या दंडात सुई घालणारा हात हाच. दादानं मले पोहायले शिकवलं होतं, शेषराव. वस्तीतल्या पोराले कोणी विहिरीत उतरू देत नव्हतं, त्यानं मले नाल्याच्या डोहात शिकवलं.

म्हणून आता तूच सांग म्हणू नको. तुह्या आईनं तुहं ऐकलं असतं.

सहदेव


ता. १९ एप्रिल १९७८

शेषराव,

शालूवहिनी आली. आज दवाखान्यात लोहाच्या गोळ्या घ्यायले आलती, विमलवहिनी संगं होती. मी त्या दोघींसमोर म्हटलं, "घरची सुई टोचून घेऊ नका. इथं या, मी उकळून देतो." शालूवहिनी हसली, तिले वाटलं मी वऱ्हाडी गंमत करून राह्यलो. विमलवहिनी हसली नाही. तिनं विचारलं, "काऊन, भाऊजी?"

मले तिच्या मोकळ्या कपाळाकडं पाहून बोलता आलं नाही. म्हटलं, न उकळलेली सुई वाईट असते, तिच्यातून आजार जातो. तिनं गोळ्या पदरात बांधल्या.

एवढंच जमलं. वाड्याच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आलो. मालक ओट्यावर असतात. तू ये. अजून वेळ आहे.

सहदेव


ता. ७ मे १९७८

शेषराव,

तार पोचली असन. पोरगी झाली, दोघी बऱ्या आहेत. तारेत एवढंच मावते. बाकीचं मी लिहितो.

मंगळवारी दुपारी दोनच्या उन्हात चांगुणा सुईण पळत आली. पंधरा दिवस आधीच झालं होतं सारं. म्हणे, "लेकरू आलं, वार पडली, पण रक्त थांबून नाही राह्यलं. औषधाची कुपी दे. सुई घरची आहे म्हणतात मोठ्या बाई." डॉक्टर मीटिंगले गेले होते अन् नर्स दुसऱ्या गावी. मी कुपी खिशात घातली, उकळलेली पिचकारी धुतल्या फडक्यात गुंडाळली अन् चांगुणाच्या हाती काही न देता स्वतः निघालो.

मालक ओट्यावरून उठले. मले पाहून बाजूले झाले. चार वर्षांनी मी तुमच्या अंगणात पाय ठेवला. खोलीच्या दारात मोठ्या बाई उभ्या होत्या, हातात लाल फडकं.

मी म्हटलं, "मोठ्या बाई, माही सुई उकळलेली आहे. हिनं देतो."

"साऱ्या गावाची ती. माह्या ओल्या बाळंतिणीले नाही. आपली आहे, हे घे."

"मंग ती उकळा."

"तेरा वर्षांत नाही उकळली, आज काऊन?"

"तेरा वर्षांपूर्वी एकदा म्हटलं होतं. परत म्हटलं नाही, ती माही चुकी. उकळल्याबिगर मी या सुईत औषध भरणार नाही."

कुपी माह्या मुठीत होती. आत शालूवहिनी पडली होती, दारातून तिचा एक पाय दिसत होता, पांढरा. बाजेखालचं फडकं भिजलं होतं. शेषराव, मी तेव्हा खरंच नाही म्हणून उभा होतो. आणखी थोडा वेळ गेला असता त मी काय केलं असतं हे मले मालूम नाही. त्याच घाणेरड्या सुईनं देलं असतं बहुतेक. पोरगी डोळ्यासमोर मरू देता येते काय?

विमलवहिनी चुलीजवळ होती. चांगुणाले पाणी पाह्यजे म्हणून तिनं हाताले लागला तो गंज चढवला होता, दुधाचा. पाणी खदखदत होतं. ती उठली, सासूच्या हातातून फडकं घेतलं, सोडलं, डब्बी उघडली अन् पिचकारी त्या उकळत्या पाण्यात टाकली. एकदम. टिक असा आवाज झाला. चिमट्यानं बाहेर काढली त उभी तडकलेली होती.

"घरची फुटली," ती म्हणाली. "द्या भाऊजी, तुमचीच द्या."

मोठ्या बाई भिंतीले धरून खाली बसल्या. मी आत गेलो अन् सुई देली. पोट चोळा लागलं, चांगुणानं चोळलं. पाव घंट्यानं रक्त थांबलं. मी बाहेर येऊन हौदाजवळ बसलो.

गार काच उकळत्या पाण्यात टाकली की तडकते, हे रोज चुलीपाशी बसणाऱ्या बाईले मालूम नसन काय? मी वहिनीले विचारलं नाही. तिनंही सांगतलं नाही.

तिसऱ्या दिवशी शालूवहिनीले पाहायले गेलो. ती उठून बसली होती. पोरगी तुह्यासारखी मोठ्या कानाची आहे. मोठ्या बाईनं मले चहा देला. कानतुटा कप आता नाही, गोठ्यात दुसरा आहे, चांगला, कानाचा. अन् त्याच्या बाजूले तो दुधाचा गंज. सुई उकळली म्हणून घरातून बाहेर काढला होता. माहा चहा त्यातच केला होता. मोठ्या बाई मले म्हणतात, "आता तुह्यासाठी वेगळाच ठेवला." प्रेमानं म्हणाल्या रे. खरंच प्रेमानं. मी चहा पेलो. मले राग यायले पाह्यजे होता, पण माह्यात तेवढाही उरला नव्हता.

निघतानी म्हटलं, "मोठ्या बाई, हा गंज मले द्या." त्यायनं देला. आता तो दवाखान्यात स्टोव्हवर आहे. साऱ्या गावाच्या सुया त्यात नाचून राह्यल्या. काल तुमचा गडी आला अन् म्हणाला, मालकाले ताप आहे, बाईनं सांगतलं आहे की घरच्या गंजात उकळलेली सुई असन तीच आणजो. मी गेलो अन् देली.

पुण्याच्या डॉक्टरले कार्ड टाकलं. तुमच्या वहीत कारण समजले नाही असं लिहिलं आहे ते खोडा. कारण घरची सुई, न उकळलेली. देणारा मी. खाली सही केली. त्याचं काय व्हायचं ते होईन. नोकरीची पंचवीस वर्षं राह्यली आहेत, गेली त गेली.

एक काम उरलं आहे. यादी माह्या टेबलाच्या खणात आहे, घरात अजून कोणालेच मालूम नाही. विमलवहिनीले सांगा लागते की तिच्या रक्तात काय आहे. तिच्या दोन्ही पोरायले सांगा लागते की दारूले शिवू नका, एकमेकांचा वस्तरा वापरू नका, कोणाले रक्त देऊ नका, अन् लग्न करतानी लपवू नका. दादा कशानं गेला हे मालकायले सांगा लागते. तू पोरीचं नाव ठेवायले येशील तेव्हा ओट्यावर माणसं असतीन, त्या श्रावणात होती तशीच. खांबही तिथंच आहे.

सुईचं मी सांगतलं. हे तू सांग.

सहदेव